इष्टु साकु

उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर उभा होतो.
शतांशाचा फरक बोटाला कळायचा.
आणि आज खडेबाजारात
हिरव्या प्लॅस्टिकचं बॅटरीवालं ड्रिल हातात धरून
विचारतोय, "भिंतीत जाईल ना रे?"

"वर्षाकाठी चार भोकं पाडणार, काका.
इष्टु साकु."
बसलिंगप्पाचा पोरगा,
मान मोबाईलमधून वर नाही.

पावती कन्नडमध्ये. वॉरंटी सहा महिने.
बॅटरीवरची अक्षरं चिनी.
घासाघीस तेवढी मी मराठीत केली,
पन्नास रुपये सुटले.

घरी शालननं स्टूल धरलं.
दोन भोकं झाली,
तिसऱ्यात ते कण्हलं आणि गप्प.
लाल दिवा हिरवा व्हायला दीड तास!
शिफ्टमध्ये इतका वेळ
कधी बसलो नव्हतो तिच्यासमोर.
चहा झाला. पुन्हा अर्धा अर्धा झाला.
तोवर शेजारचे हुंदरे दारातूनच
"उद्या आम्हाला द्या हां" सांगून गेले.

संध्याकाळी दांडी लागली.
सुतळीवरचा पडदा, बावीस वर्षांनी, कड्यांवर आला.

दोन सूत डावीकडे कलतेय.
मला दिवा मालवल्यावरही दिसतं.
बोलत नाही.
ती पडदा ओढते, सोडते,
परत ओढते.