डावखुरा बाण

जानेवारीत कुल्दिगामध्ये चारलाच दिवे लागतात.
नवा कॉम्प्युटर काखेत मारून मी जनावरांच्या दवाखान्यात शिरले,
तेव्हा बाकावर एक मांजर, एक मलूल कोंबडा
आणि त्यांची माणसं नंबर लावून बसली होती.
वेल्गाबाई आत शेळीच्या खुरात गुंतलेल्या.
तिथूनच ओरडल्या, “ये गं. जुना अजून जिवंत आहे.
जरा हळू घे त्याला.”

जुना म्हणजे अगदीच जुना.
पंख्यात तेरा वर्षांचे केस,
कुत्र्यांचे, सशांचे, थोडे माणसांचेही असतील.
झाकण काढलं तर आत
काहीतरी ऊबदार, धापा टाकणारं.

केबल जोडली. निळी रेघ सरकू लागली.
चार तास उरले.
अकरा मिनिटं उरली.
एक दिवस उरला.
बिऱ्हाड हलवताना कुणाचा अंदाज बरोबर येतो?
आमच्या आईनं पलंग आधी पाठवला होता,
त्याचे स्क्रू जुन्या घरी, खिडकीत, वाटीत.

गाई आल्या. ब्रूनल्या, झीमल्या, राइबल्या,
कुणाची कास सुजलेली, कुणाचं वासरू आडवं आलेलं.
निम्म्या तर केव्हाच्याच गेल्या असणार,
फायलींना त्याचं काय.
उधाऱ्या आल्या.
एका पोपटाचा एक्स-रे आला.

मग नव्यानं विचारलं, जुन्या सवयीही आणू का?
अक्षरं पिवळ्यावर काळी.
बाण जवळजवळ अंगठ्याएवढा.
घड्याळ सात मिनिटं पुढे.
माऊस डावखुरा,
मी क्लिक करावं आणि भलतंच काही उघडावं.
आणि दुपारी तीन चाळीसला रोज उगवणारी एक चौकट:
‘ओयार्स, डोळ्यात थेंब घाल.’

मी विचारलं, “बाई, तुम्ही डावखुऱ्या?”
त्यांनी उजव्या हातानं सुई भरली,
उजव्या हातानं टोचली,
हात धुऊन उजव्याच हातानं मला कॉफी ओतली.
“नाही. तो होता.
हिशेब तोच बघायचा. आता सहा वर्षं मी बघते.
बदलायचं राहिलं,
मग हाताला तेच वळण पडलं.
मागे बँकेत गेले तर तिथला माऊस मला उलटा वाटला.”

सुंभ जळतो, पीळ राहतो म्हणतात.
पीळ कॉपी करता येतो, एवढी भर माझी.
पिवळा रंग, हो. मोठा बाण, हो. डावा हात, हो.
थेंबांच्या चौकटीवर माझं बोट थांबलं.
शेळीला तशीच ठेवून त्या दाराशी आल्या.
“तीन चाळीस ना? तेव्हा मी कॉफी ठेवते,” म्हणाल्या.
“राहू दे.”

औषधाचं माप काढणारा प्रोग्राम मात्र आला नाही.
ओयार्सच्या पुतण्यानं लिहिलेला, शाळेत असताना.
तो आता नॉर्वेत मासे सोलतो, फोन उचलत नाही.
नवं यंत्र म्हणालं, हे मला चालवता येणार नाही.
तीनदा म्हणालं. चौथ्यांदा मी विचारलं नाही.

निदान जुन्यावर एकदा बघू, म्हणून आकडा घातला:
गाय, चारशे साठ किलो.
जुना घरघरला.
“तेवीस,” बाई म्हणाल्या, पाठमोऱ्याच.
मग कितीतरी वेळानं पडद्यावर: तेवीस.
“पाचशे दहा?”
“साडेपंचवीस.”
“मग तुम्हाला हा लागतो कशाला?”
त्या शेळीचं बँडेज गुंडाळत राहिल्या.
“बरोबर आहे म्हणणारं कुणी नको?”

घड्याळाचं काही करता आलं नाही.
नवा आपली वेळ बाहेरून कुठूनतरी मागवतो,
सात मिनिटं कुठे ठेवू, असं विचारतही नाही.
मी चाचरत सांगितलं.
“जाऊ देत,” त्या म्हणाल्या. “ती बससाठी होती.
बसच बंद झाली.”

साडेपाचला मी केबल गुंडाळली.
“हा जुना घेऊन जाऊ? भंगारवाला ओळखीचा आहे.”
त्यांनी त्याच्या पाठीवर तळवा ठेवला,
ताप बघतात तसा,
आणि दाराकडे बघून हाक मारली,
“कोंबडा आत घ्या.”