स्टॉल क्रमांक सत्तेचाळीस

भाड्याचा पुतळा आला तो मुंडक्याशिवाय.
आणि माझा माल सगळा कपाळाचा:
मुंडावळ्या, अकरा जोड,
त्यातली एक खऱ्या पोवळ्यांची.
इंदुरात कोण बांधतं आता, नणंद म्हणालीच होती.

शेजारी लेहंगेवाल्यांचा झगझगाट,
समोर मेंदीवालीपुढे रांग.
मी चादरीची सुरकुती तिसऱ्यांदा काढली.
बल्ब पिवळा मागितला;
पांढऱ्यात मोती आजारी दिसतात.

बल्ब लावायला आला गेंदालाल, पाटणीपुऱ्याचा.
म्हटलं, भैया, दोन मिनिटं कपाळ द्या.
हसला. मग बांधून घेतली,
आणि शिडीच्या दुसऱ्या पायरीवर
हातात पक्कड धरून
बोहल्यावरच्यासारखा गप्प बसला.

पोरी थांबल्या. "ये क्या है, आंटी?"
मी सांगत गेले, गाठ मागे, लड्या कानांपाशी.
सात जोड गेले.
एक तर छावणीतल्या जैनबाईंनी नेला,
घरात लग्न नसताना.

रात्री वायरी गुंडाळताना
त्यानं मुंडावळी सोडून हातात दिली.
कपाळावर दोऱ्याची बारीक रेघ.
"निशान जाएगा ना? घर पे पूछेगी."

म्हटलं, उजाडेपर्यंत जातं.
माझंही गेलं होतं.