खण

अंगठ्याच्या नखाएवढी चकती.
तिच्यावर दोनशे छप्पन्न आडवे,
दोनशे छप्पन्न उभे
खण.
खण हा शब्द माझा. पुस्तकात पिक्सेल.
शहापूरच्या पेठेत आई गुळेदगुड्डचा खण उलगडायची
तेव्हा असंच दिसायचं: बारीक चौकटी,
एकीची कड तीच दुसरीची.

निर्वात नळीचं झाकण उद्यमबागेत कातलं
मोमीन मिस्त्रीनं, तीनदा.
पहिली दोन गळत होती.
"हवा बी जाऊ नये म्हणता, मग ठेवणार काय आत?"
म्हटलं, निपाणीच्या एका बाईची जीभ.
बारा मायक्रॉन जाडीची.
त्यानं लेथ बंद केला
आणि उगाचच हात पुसत राहिला.

चिठ्ठीवर कन्नडमध्ये: नमुना एन-४१.
मागं पेन्सिलीनं, मराठीत, कुणाचं तरी अक्षर:
तायव्वा खोत. तंबाखूची वखार. डावी कड.

लेसर एक ठिपका टिपतो. रेणू उठतात.
सगळ्यांना एकच धक्का, एकच वाट.
हलके आधी पोचतात, गर्दी करून.
मोठी प्रथिनं मागून,
आणि जुन्या यंत्राला ती ऐकूच यायची नाहीत;
जड पाऊल हळू पडतं, दार वाजत नाही.
ही चकती ऐकते.
कुठं पडलास, कधी पडलास,
दोनच गोष्टी टिपतो प्रत्येक खण.
कोण, ते आम्ही उशिरावरून काढतो.

रात्री अडीचला एक आला, भलताच जड.
पडला चार खणांच्या कोपऱ्यावर.
चौघंही म्हणाले, इथं.
बसलिंग गोकाकचा. वाकून म्हणाला, "एल्लि बित्तु?"
मग स्वतःच, "कुठं पडलंय बघ की."

नियम सोपा आहे.
चौघांच्या भाराचा मध्य काढायचा,
एकाच्या नावावर लावायचा, तीन पुसायचे.
नाहीतर एकाचे चार मोजले जातात.

शिरगणतीचा माणूस आठवला,
आमच्या कट्ट्यावर, मातृभाषेच्या रकान्यात पेन टेकवून.
काकी म्हणाली, "चुलीपाशी मराठी, शेतात कन्नड,
देवापुढं दोन्ही.
तुमच्याकडं जागा एकच हाय व्हय?"
पेन तसंच टेकलेलं.
शाई पसरली शेजारच्या रकान्यात.

मी मध्य काढला. तीन पुसले.

उजाडेपर्यंत पडद्यावर गाठ उमटली,
दातेरी, एकाही सरळ रेघेला न जुमानणारी.
कापल्या कडेपर्यंत पोचलीय का,
एवढंच डॉक्टरांना हवं होतं.
पोचली नव्हती.

मार्चमध्ये तायव्वा तपासणीला आली.
उरलेल्या जिभेनं बोलते, सावकाश.
सोपे शब्द आधी. चहा. बस. लेक.
मग बराच वेळ काहीच नाही,
नुसता ओठांचा आकार.
आम्ही थांबलो, बसलिंग आणि मी,
कुठल्या भाषेतनं येतोय
दोघांनाही ठाऊक नसताना.