पक्कं व्हायच्या आधी

रुम्याना, आधी हातमोजे काढ.
बोटं गोठलेली असली की कागद नीट वाचता येत नाही.

ब्रेमरहाफेनच्या या कारखान्यात
एकतीस वर्षं मी मासे साफ करतेय,
त्यातली बारा कामगार समितीत.
असली पाकिटं मी वासावरून ओळखते.
आत कारण नसतं.
प्रोबेशनच्या सहा महिन्यांत ते लिहावं लागत नाही.
चौदा दिवसांची मुदत, खाली टाकरमानची सही,
बस्स.

तू म्हणालीस, पाचच महिने झाले, माझा कसला हक्क?
अगं, तो पहिल्याच दिवशी तुझ्यासोबत आत आला,
तू लॉकरला कुलूप लावत होतीस तेव्हा.
रजा महिन्यामागून महिना साठत होती.
मार्चमधल्या तापाचा पगारही तुझाच होता,
पण तू घरी राहिलीच नाहीस,
नाक पुसत उभी राहिलीस पट्ट्यापाशी.
पाण्यात राहून माशाशी वैर नको, असं वाटलं असेल.
इथले मासे मेलेले आहेत, पोरी.

आणि आता खाली बघत सांगतेस,
अकरावा आठवडा.
नवऱ्यालाही बोलली नाहीस, तो तिकडे प्लेव्हनला;
बारा आठवडे होईतो नाव काढू नये
म्हणते तुझी आई.
म्हणजे तूही कुणालातरी ठेवून घेतलंयस
कच्च्या नोकरीवर.
रोज सकाळी विचारतेस, आहेस ना?
तिकडून काही लेखी येत नाही.

पण कायद्याला मुहूर्त लागत नाही.
नोटीस हातात पडल्यापासून दोन आठवडे,
त्यातले नऊ दिवस तू जागून काढलेस.
उरले पाच.
आजच लिहायचं, मी गरोदर आहे.
डॉक्टरचा दाखला जोडायचा.
मग त्यांच्या या कागदात मासे गुंडाळता येतील.
नाहीच ऐकलं तर कोर्ट आहे, मी येईन.

टाकरमान तुझ्याकडे बघून हसणार नाही.
ते मला मिळवून देता येत नाही,
कुठल्याच कलमात नाही ते.

इथे येण्याआधी मी एका गोदामात होते.
तिथे मी गप्प बसले.
असू दे ते.

बाहेर कुरवांचा कलकलाट चाललाय, चालू दे.
पेन घे. निळं घे,
काळ्या सहीची झेरॉक्स वाटते.
तारीख वर, उजवीकडे.
आणि पहिल्या ओळीत
कृपया लिहू नकोस.