नाव बदलले आहे

पुनावळ्याच्या साइटवर सहाव्या मजल्याचा स्लॅब टाकायचा होता,
त्या दिवशी शिवलीला पावडर लावून आली होती.
मानेपर्यंत पांढरी. दोन वेण्या, लाल रिबिनी,
मावशीच्या लग्नातला झालरीचा फ्रॉक,
कारण आदल्या दिवशी मीच सांगितलं होतं,
उद्या फोटो आहे.

फोटोग्राफर भला माणूस. पैसे घेणार नव्हता.
एकदा तिच्याकडे पाहिलं त्याने, एकदा माझ्याकडे,
आणि हळूच म्हणाला, मॅडम, असं नाही चालणार.
मग मी ओढणीचं टोक ओलं करून तिची पावडर पुसली.
वेण्या सोडल्या. चपला बाजूला.
रिबिनी गुंडाळून माझ्या पर्समध्ये टाकल्या,
हरवू नयेत म्हणून.
मिक्सरशेजारी उभी केली तिला.
हसू नकोस, बाळ.
तिला वाटलं खेळ आहे, तिला हसू आवरेना.
अकरा मिनिटं लागली तिला दुःखी व्हायला.
उन्हामुळे, बहुतेक.

मराठी माझं चांगलं आहे.
मी लिहिलं: पाकळीला दिवसातून एकदाच जेवण मिळतं.
खाली बारीक अक्षरात: नाव बदलले आहे.
त्याच दुपारी तिने डब्यातली अर्धी भाकरी
आणि शेंगाचटणी माझ्या हातावर ठेवली होती.
मी ती खाल्लीही होती.

फॉर्मवर आईचा अंगठा घेतला.
फॉर्म मराठीत. आई कन्नडमध्ये काहीतरी विचारत होती.
मुकादम म्हणाला, घ्या हो, हो म्हणतेय ती.

पाकळीने त्या वर्षी तीन लाख सत्तर हजार आणले.
हे खोटं नाही.
दोन शिक्षिकांचा पगार निघाला, पाळणाघरावर पत्रे चढले,
शिवलीलाला चष्मा मिळाला.
म्हणून मला धड पश्चात्तापही करता येत नाही.
कोथरूडच्या कितीतरी स्वयंपाकघरांत
बारा महिने ती खिळ्याला होती
आणि तिच्या चेहऱ्याखाली, तारखांच्या चौकटींत,
लोक दुधाचा हिशेब लिहीत होते.

गेल्या मंगळवारी ती ऑफिसात आली.
एरंडवणे, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
एकोणीस वर्षांची. नऱ्ह्याला डी. फार्म. करते.
चष्मा आता स्वतःच्या पसंतीचा.
मैत्रिणीच्या घरी फडताळात
जुन्या कॅलेंडरचं पान अंथरलेलं होतं म्हणे,
गालावर हळदीची बरणी.
मैत्रीण म्हणाली, अगं, ही तुझ्यासारखी दिसते.
"मी काय बोलणार? म्हटलं, दिसते खरी."

चहा घेतला तिने. बिस्कीट नको म्हणाली.
"नाव बदललंत ते कुणापासून लपवायला?
चेहरा तर ताटाएवढा छापला.
आणि शिवलीला काय वाईट होतं?"
मग अगदी सहज, पेन मागावं तसं,
"तुमचा एखादा रडतानाचा फोटो आहे का हो?
भांडत नाहीये. नुसतं विचारतेय."

आमच्या घरी असे फोटो कुणी ठेवत नाही,
मी म्हणून गेले,
आणि मग ऐकलं, मी काय म्हणाले ते.

दिवाळीचं आवाहन सोमवारी छापायला जायचंय.
टेबलावर नवा फोटो, नवी मुलगी.
विश्वस्त म्हणतात, डोळे बोलले पाहिजेत.
चारदा सुरुवात केली मी.
'आमच्याकडे बत्तीस मुलं आहेत,
त्यांतल्या एकाला एकोणीसचा पाढा उलटा येतो.'
रडू येण्यासारखं काही नाही त्यात.
पैसे कमी येतील. पत्रे गळतायत.

जाताना जिन्यात थांबून तिने विचारलं होतं,
आणि माझ्या रिबिनी?

रात्री माळ्यावरून ती पर्स काढली.
अस्तर उसवून पाहिलं.
एक सेफ्टी पिन. बसचं तिकीट, अक्षरं उडालेलं.
रिबिनी नव्हत्या.
असत्या तर ही गोष्ट छान संपली असती,
आणि मी ती लिहिली असती.