अट क्रमांक सात

परवानगीपत्रावर सही साहेबांची,
टायपिंग माझं.
अट एक : जनरेटर व्हॅन चौकाच्या पलीकडे.
अट तीन : रुग्णवाहिकेस वाट मोकळी.
अट सात : रात्री दहानंतर आवाज होणार नाही,
झाल्यास सर्वस्वी जबाबदारी अर्जदाराची.
अकरा वर्षं हेच. झोपेतसुद्धा टाइप करीन,
फक्त गल्लीचं नाव बदलायचं.

या खेपेला नाव आलं माझ्याच गल्लीचं.

पहाटे चारला, गंगावेशीच्या अंगाला,
पोरांनी नारिंगी शंकू मांडले.
स्प्लेंडरी, छोटा हत्ती, भंगाराचा गाडा
ज्याच्या त्याच्या उंबऱ्याशी ढकलला.
राहिली चंद्री.
मलगोंडा गवळ्याची म्हैस,
दुसऱ्या खांबाला बांधली तर दूध चोरते.
मॅनेजर म्हणाला, इथं मॅडमची व्हॅनिटी लागणार.
मलगोंडा म्हणाला, "लावा की.
तिला तेवढं तुमीच सांगा."

हवालदार वडगाव्यांनी पत्र दोनदा वाचलं.
वाहने हटवावीत, असं लिहिलेलं.
म्हैस वाहन आहे काय, यावर कागद गप्प.
वडगावे माझ्याकडं बघायला लागले,
मी माझ्या चपलांकडं.
व्हॅनिटी दोन घरं पुढं सरकली.

मग दिवसभर आवाजाची उसनवारी.
वहिनी, कुकर पाच मिनिटं.
तस्नीमभाभींनी गॅस बारीक केला,
तीन शिट्ट्या पोटात ठेवून कुकर बसून राहिला.
लेथवाल्या शामूनं मोटर बंद केली
आणि बिडी पेटवली, काडीसुद्धा हळू ओढून.
तालमीत निरोप गेला, शड्डू जरा दमानं ठोका.
वस्ताद नुसते बघत राहिले निरोप्याकडं.
आणि नटी एकाच दारातनं
सतरा वेळा सासर सोडून गेली.
अठराव्यांदा आक्काताई गॅलरीतनं बोलल्याच,
"जा गं बाई, एकदाची!"
कट.

दहाला सात कमी.
वडगाव्यांच्या हातात आवाज मोजायचं यंत्र,
डोळा घड्याळावर.
हेडफोनवाला पोरगा मधोमध आला, हात जोडले :
शूटिंग संपलं.
आता एकच मिनिट द्या, गल्लीची शांतता घ्यायचीय.
दुसरीकडची चालत नाही,
प्रत्येक जागेची वेगळी असते.

चौकापलीकडं जनरेटर थांबला.
साठ-सत्तर माणसं जागच्या जागी.
कुणाचा चहाचा कप तोंडापाशीच.
आधी काहीच नाही.
मग चंद्रीचं रवंथ.
मग मोरीतला नळ, कुणाचा तरी.
मग काहीतरी कमी.
ते काय, हे कळायला मला वेळ लागला.

आमच्या माडीवरचं ऑक्सिजनचं यंत्र.
गेले आठ महिने रात्रंदिवस घरघरतं,
त्याच्याशिवाय झोप येत नाही आता.
ते बंद होतं.

आबा.
चाळीस वर्षं स्टुडिओत केबल ओढलेला माणूस.
'सायलेन्स' ऐकला
आणि स्वतःच्या हातानं बटण दाबलं असणार,
सवयीनं.

मी मोजायला लागलो.
एकोणीसला पाय उचलला.
जिना लाकडी. चौथी पायरी करकरते.
पाय खाली ठेवला.
का ठेवला, ते मला अजून सांगता येत नाही.
एकतीस. बत्तीस.
वडगाव्यांचं यंत्र अडतीसवर थरथरत होतं.
त्यांना वाटलं असेल, काय शहाणी गल्ली.
पन्नास.
अठ्ठावन्न.

"थँक्यू," पोरगं म्हणालं,
आणि वर घर्र झालं.

चौथी पायरी, पाचवी, सगळ्या करकरवत गेलो.
आबा मास्क नीट करत होते.
ओठ जरासे निळे, डोळे मात्र
असे लख्ख मी कधी बघितले नव्हते.
बोट वर केलं. थांब, आधी दम येऊ दे.
मग म्हणाले,
"गावला का टेक?"

सोमवारी फाईल आली, अनामत परत करायची.
रकाने भरले.
रस्ता : पूर्ववत.
तक्रारी : निरंक.
अट सातचा भंग :
इथं बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
शेजारच्या टेबलावरनं कोणीतरी म्हणालं,
लाईट गेली का रे, किती गप्प वाटतंय.