दिवसाची लाईन

आठवड्यातून चार रात्री लाईन यायची.
बारा वाजून दहा मिनिटांनी. कधी सव्वाला.
हे उठायचे. कानाला दुपट्टा, हातात बॅटरी अन् काठी,
काठी आपटत धुऱ्याधुऱ्यानं,
सापानं, डुकरानं, अन् मागच्या साली
नाल्याकडं दिसलेल्या त्या पट्टेवाल्यानं
ऐकून आधीच बाजूला व्हावं म्हणून.

मी अंथरुणात, फोन पोटाशी धरून.
एक मिस्कॉल : विहिरीवर पोचलो.
दोन : मोटर धरली.
तीनचं कधी ठरलंच नाही.
त्याचा अर्थ दोघांनाही माहीत होता.

एका पोषात एक वाजला, दोन वाजेचनात.
दसरूला उठवून मी वावरात गेले
तर हे बांधावर बसल्या बसल्या झोपलेले,
पाय पाण्यात, अन् आमच्या मिरचीचं पाणी
खुशाल दसरूच्याच हरभऱ्यात.
मी इतक्या शिव्या दिल्या
की टोलीतली कुत्री गप झाली.

खाणीचे ढीग आमच्या धुऱ्यावरून दिसतात.
भाचा निकेश तिथं डंपर चालवतो. म्हणायचा,
"मावशे, तुह्या मोटरीचा कोळसा मीच धाडतो न वं,
रस्त्यात कुठी अडते त काय मालूम."

फाल्गुनात दहा पाट्या बसल्या.
आता लाईन येत नाही.
सूर्य वर आला की मोटर आपली आपण खाकरते,
बाराला गळा मोकळा.
ढग आला की धार बारीक होते
म्हाताऱ्याच्या मुतावानी.
(असं हे म्हणतात. मी नाही.)

रोज सकाळी पाट्या मी पुसते.
पहिलं फडकं पिळलं की पाणी काळं.
खाणीचीच धूळ ती,
रात्रभर येऊन बसते काचेवर,
सातबाऱ्यात नाव असल्यासारखी.
तिच्यावर राग धरवत नाही.
निकेशच्या शर्टातून तेच पाणी निघते.

पण एक गोष्ट त्या बसवणाऱ्या पोरांनी सांगितली नाही.
ऊन संपत नाही. विहीर संपते.
आधी लाईन जायची, तेवढा झऱ्याला दम मिळायचा.
आता थांब म्हणणारं कोणी नाही,
म्हणून मी म्हणते.
पाच रिंगा आहेत, चुन्यानं खूण केली आहे,
तिसरी उघडी पडली की बटन दाबते.
हे कुरकुरतात, "अजून तीन तास ऊन आहे."
असू द्या. मिरच्या वाळतील त्यात.

नाल्यापलीकडच्या पाच घरांत खांब पोचलाच नाही.
निकेशनं डब्ब्यावर एक बोर्ड जोडून दिला,
कोणाला विचारून ते विचारू नका.
दुपारभर पाच कंदील
बाभळीखाली दाव्याला बांधल्यासारखे चरतात.
सांजच्याला गेडामाची रविना येते,
पाचही घेऊन नाला उतरते.
एक जरा अधू आहे, नऊपर्यंतच टिकतो.
तो ती स्वतःच्या घरी ठेवते.

हे मात्र अजून बारा दहाला उठतात.
चपला शोधतात. मग आठवतं.
मग अंगणात खाटेवर बसून राहतात,
पंचवीस वर्षांची जागल, तिला कोण सांगणार.

परवा रात्री माझा फोन वाजला. एकदा.
थोड्या वेळानं, दोनदा.
मी आतूनच ओरडले,
"कुठं पोचले? काय धरलं?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले,
"चांदण्या पाहून राह्यलो.
बॅटरी हातात असली की
बॅटरीएवढंच दिसे व."

या म्हणाले बाहेर. गार होतं.
मी म्हटलं उद्या. सकाळी पाट्या पुसायच्या आहेत.
मग थोड्या वेळानं गेले.